बांगडीखालचा हात

सोनं किती दिवसांनी धुवावं यावर त्या घरात एकमत नव्हतं. आजींना किती दिवसांनी धुवावं, हा विषय कधी निघालाच नव्हता.

मावशी त्या घरी आजींना सांभाळायला जायची. मावशी हे काही तिचं नाव नव्हे. ज्या ब्यूरोकडून ती कामावर जायची, तिथल्या सगळ्याच बायका घरोघरी मावशी होत्या. ब्यूरोतल्या मुली तिला आपसात ‘बिननाकाची’ म्हणायच्या, कारण तिला कशाची म्हणून किळस नव्हती. उलटी, पू, ओल्या चादरी, पाठीला पडलेल्या जखमा. ती सगळं निस्तरायची, हात धुवायची आणि तिथेच खुर्ची ओढून डबा उघडायची. पहिल्याच दिवशी तोंडाला रुमाल लावून काम सोडायला निघालेल्या एका पोरीला ती म्हणाली होती, "अगं, माणूस आतून असंच असतं. झाकण उघडलं, एवढंच."

हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिचा नवरा दोन वर्षं अंथरुणाला खिळून होता. त्याचं सगळं तिनेच केलं. तो गेल्यावर शेजारीण म्हणाली, फुकट करत होतीस ते आता पैसे घेऊन कर. शेजारणीच्या बोलण्याचा तेव्हा राग आला होता. पुढच्याच महिन्यात ती ब्यूरोच्या बाकावर जाऊन बसली.

आजींची डावी बाजू लुळी पडली होती. चेहरा एका अंगाने ओघळलेला. बोलणं अर्धं घशात राहायचं. लुळ्या हातात दोन बांगड्या होत्या, चोख सोन्याच्या. घडवताना सोनाराने समजावलं होतं म्हणे, थोडं तांबं मिसळू द्या, नुसतं सोनं मऊ, रोजच्या कामात टिकायचं नाही. आजींनी ऐकलं नव्हतं. खोट नको म्हणाल्या. त्यामुळे त्या बांगड्यांवर त्यांचा अख्खा संसार उमटला होता. बादलीच्या कडीचा घाव, दाराच्या कडीचा ओरखडा, एकदा पाय घसरून पडल्या तेव्हा चेपलेली बाजू. आणि एका बांगडीच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा खड्डा.

बऱ्या दिवशी आजी उजव्या हाताचा अंगठा त्या खड्ड्यावर ठेवायच्या. "दात," म्हणायच्या. "पहिला." आणि अर्ध्या तोंडाने हसायच्या. मावशीला ते उमगायला वेळ लागला. मांडीवरच्या बाळाचे दात शिवशिवत होते आणि त्याने आईची बांगडी चावली होती. ते बाळ आता पन्नाशी ओलांडून बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेलं असायचं. मावशी त्याला दादा म्हणायची आणि त्याच्या बायकोला वहिनी.

आजींची मुलगी, म्हणजे ताई, परदेशात होती. ती दर रविवारी फोनवरून आईला बघायची. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तशी हाकायची. पडदे बदला. उशी उंच करा. एका रविवारी ती म्हणाली की आईच्या बांगड्या मळकट दिसतायत, आईकडे लक्ष आहे ना कोणाचं?

झालं. दादांच्या ते वर्मी लागलं. त्यांनी लगोलग सराफाला फोन लावला. सराफ म्हणाला, चोख सोनं काळं पडत नाही, त्यावर बसतो तो अंगाचा मळ. वर्षातून एकदोनदा कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाका, मऊ ब्रश फिरवा, नीट कोरडं करा, बास. उगाच घासाल तर झिजेल. वहिनींनी मात्र कुठेतरी वाचलं होतं की महिन्यातून एकदा धुवावं. तिकडून ताईंचं म्हणणं, त्यांच्या ओळखीच्या सगळ्या बायका दर आठवड्याला धुतात. सोनारानेच कान टोचावे म्हणतात. इथे सोनाराने टोचूनही भोक काही पडलं नाही. दर रविवारी, फोन यायच्या आधी, बांगड्या धुवायच्या असं ठरलं. पुढे ताईंना आईची फारच आठवण येऊ लागली. फोन बुधवारीही यायला लागला. म्हणजे बुधवारीही धुवायच्या.

हे काम मावशीकडे आलं. त्यासाठी वहिनींनी लहान बाळांचा मऊ ब्रश आणला, नवाकोरा. आजींच्या तोंडात फिरणाऱ्या ब्रशचे केस कधीचे चारी दिशांना फाकले होते. मावशीने नवीन मागितला तेव्हा वहिनी म्हणाल्या की आता त्यांना दात तरी किती उरलेत. सोन्यासाठी पाणी कोमट करायला मिळायचं. आजींचं अंग पुसायला नळाचं चालायचं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, ते मावशीने आजवर नुसतं ऐकलं होतं.

एक अट होती. बांगड्या हातातून काढायच्या नाहीत. काढल्या की हरवतात, वहिनी म्हणाल्या, आणि मावशीच्या पिशवीकडे बघितलं. मावशीने ते बघणं गिळलं. असल्या गोष्टी गिळायची तिला सवय होती. तसंही बांगड्या निघणार नव्हत्या. लुळा हात सुजत चालला होता. मग हातातल्या हातातच धुवायचं. आजींचं मनगट तसराळ्यात धरायचं, भांडी घासायच्या लिंबाच्या वासाच्या साबणाचा फेस करायचा, घासायचं, वरून पाणी सोडायचं, फडक्याने टिपायचं. बांगडी वरून लखलखायची. फेस खाली जायचा आणि खालीच राहायचा. तिथे फडकं पोचत नव्हतं, वारा पोचत नव्हता, कोणाची नजरही पोचत नव्हती.

मावशीने सांगितलं. एकदा नाही, बऱ्याचदा. कातडी ओली राहतेय, थोडे दिवस धुणं थांबवू. वहिनी म्हणाल्या, पावडर लावा. पावडर लावली. पावडर, घाम आणि साबण यांचा मनगटावर लगदा झाला. पुढच्या वेळी ब्रशला राखाडी बुळबुळीत काहीतरी चिकटून आलं. वास येऊ लागला. बादलीत विसरलेल्या ओल्या फडक्याचा असतो तसा, आणि त्याच्या मागे गोडसर आणखी एक. तो गोडसर वास मावशीच्या ओळखीचा होता. नवऱ्याच्या टाचेला तो यायला लागला तेव्हा डॉक्टर बोलायचे थांबले होते.

वहिनींनी खोलीत सुगंधी फवारा मारला.

मावशीने ब्यूरोच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, तू हात लावू नकोस, दागिना काढलास की उद्या चोर तू ठरशील.

मग तो रविवार आला. बांगड्या धुतल्या गेल्या होत्या. फोन वाजला. दादांनी कॅमेरा आजींच्या तोंडाकडे धरला, पण तोंडातून लाळ गळत होती, म्हणून हाताकडे वळवला. हाताकडे म्हणजे बांगड्यांकडे. बोटं चादरीखाली होती. वहिनींनीच ती झाकली होती. तिकडून ताईंचा आवाज आला, "आता कसं, बघितल्यावर बरं वाटतं." दादांची मान जरा ताठ झाली. घरात बऱ्याच दिवसांनी सगळे एकमेकांवर खूष होते.

फोन ठेवल्यावर मावशीने चादर बाजूला केली.

"दादा, बोटं निळी पडलीत. आज बांगड्या कापायला हव्यात."

दादा म्हणाले, सराफाला कळवलंय, तो गावाला गेलाय, मंगळवारी माणूस आणि हत्यार घेऊन येईल. दुसऱ्या कोणी कापल्या तर नक्षी जाईल. मावशी म्हणाली की मंगळवारपर्यंत हात राहायचा नाही. वहिनी म्हणाल्या, "मावशी, हातच्या कांकणाला आरसा कशाला? आम्हाला दिसतंय ना सगळं."

दादांनी चष्मा चढवला. पलंगाच्या कडेला बसले आणि आईचा हात हातात घेतला. मावशीला बरं वाटलं. शेवटी मुलगा तो, कळणारच. दादांनी एका नखाने बांगडी किंचित उचलली, वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं. आजींच्या घशातून कण्हल्यासारखा आवाज आला.

"खाली काळं दिसतंय," दादा म्हणाले. "चोख सोनं काळं पडत नाही म्हणाला होता ना तो?"

मावशीने बघितलं. ते सोनं नव्हतं. ती कातडी होती.

मावशी न्हाणीघरात गेली, दार लावलं आणि ओकली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. नळाखाली तोंड धरून ती बराच वेळ उभी राहिली. समोर फळीवर तो बाळांचा ब्रश उभा होता, स्वच्छ, केस सरळ. तो तिच्या हातातला ब्रश होता. घासलं होतं तिने. त्यांनी सांगितलं आणि तिने घासलं. वरून कीर्तन आणि आतून तमाशा, आणि तमाशाला पाणी तापवून देणारी ती. तिने चूळ भरली. तरी तोंडातली चव जाईना.

दुपारी जेवून दादा-वहिनी आतल्या गार खोलीत झोपले. मावशीने डबा उघडला नाही. औषधाच्या कागदावरचा डॉक्टरांचा नंबर लावला आणि जे होतं ते सांगितलं. ते म्हणाले, "बाई, मी संध्याकाळी येतो. आधी ते काढा. मिळेल त्याने काढा."

गच्चीतल्या खोक्यात दादांची पक्कड होती. मावशीने ती उकळत्या पाण्यातून काढली. बांगडीखाली आजींच्या चांगल्या कातडीच्या बाजूने चमचा सरकवला, म्हणजे धार मांसाला लागू नये. आजी बघत होत्या.

"आजी, कापते आता," ती म्हणाली. "रागावायचं असेल तर रागवा."

आजींनी उजवा हात आणला आणि खड्ड्यावर अंगठा ठेवला. मग काढून घेतला.

सोनं मऊच होतं. सोनार खरं बोलला होता. पक्कड दाबली, तसं ते जाड पत्र्यासारखं कापलं गेलं. दोन्ही बाजूंना धरून मावशीने बांगडी उघडली, मग दुसरी. खालचं मनगट दिसलं. त्याचं वर्णन ती नंतर कुणापाशीच करू शकली नाही. फक्त एवढंच म्हणायची की दोन बांगड्यांच्या मधलं ते सगळं साबणाच्या रंगाचं होतं. तिने ते स्वच्छ केलं, उकळून गार केलेल्या पाण्याने, सावकाश. आजी ओरडल्या नाहीत. निळी बोटं हळूहळू जांभळी झाली, मग कुठेकुठे लाल. मावशी त्या बोटांकडे बघत बसली. भूक लागल्याचं तिला तेव्हा कळलं.

मग तिने स्वतःच जाऊन आतल्या खोलीचं दार वाजवलं.

दादा आले. त्यांनी पलंगाकडे बघितलं आणि ट्रेमध्ये ठेवलेली, वाकडी झालेली, रक्त-पू लागलेली ती दोन कडी उचलली. वहिनी म्हणाल्या की विश्वासाने घरात घेतलं होतं. दादा बेसिनपाशी गेले, पाणी कोमट केलं, साबणाचे दोन थेंब टाकले. त्यांनी तो बाळांचा ब्रश घेतला आणि बांगड्या धुवायला लागले. आईचा हात टॉवेलवर उघडा पडला होता. लिंबाचा वास खोलीभर पसरला.

दादांनी एक बांगडी उजेडात धरली. "नक्षी गेलीच. आणि हे काय? हा खड्डा पण तुम्हीच पाडलात?"

"नाही," मावशी म्हणाली. "तो तुमचा दात आहे. पहिला. आजींनी दाखवलाय मला."

दादांनी आईकडे बघितलं. आजी त्यांच्याकडेच बघत होत्या, ओघळलेल्या बाजूचा डोळाही उघडा होता. दादांनी पुन्हा बांगडीकडे बघितलं. अंगठ्याने तो खड्डा चाचपला. मावशी वाट बघत राहिली.

त्यांनी ब्रश उचलला आणि खड्डा घासायला लागले. घासून उजेडात धरायचे, पुन्हा घासायचे, जणू तो मळ होता आणि जोर लावला तर निघणार होता.

डॉक्टर संध्याकाळी आले. हात राहिला. करंगळी गेली. उद्यापासून येऊ नका असं वहिनींनी मावशीला दारातच सांगितलं, आणि जाताना तिची पिशवी तपासली. पिशवीत न उघडलेला डबा होता. तो त्यांनी उघडून बघितला.

ब्यूरोने तिला दुसरं घर दिलं. तिथल्या म्हाताऱ्याच्या पाठीला जखमा आहेत. मावशी त्या धुते, हात पुसते आणि शेजारीच बसून जेवते. तेवढ्याने तिला अजूनही काही होत नाही. लिंबाच्या वासाचा साबण मात्र तिने घरातून हद्दपार केलाय. भांडी राखाडी वडीने घासते.

परवा ब्यूरोतल्या एका पोरीने पैसे साठवून चोख सोन्याची अंगठी घेतली. सगळ्यांना दाखवत ती मावशीपाशी आली आणि विचारलं, बिननाकाचे, तुला माहीत असेल, ही किती दिवसांनी धुवायची गं? मुली हसल्या. मावशीने तिचं बोट धरलं, वळवून खालून बघितलं.

"आधी काढून दाखव," ती म्हणाली. "निघते का बघू."