आबांच्या घोंगडीला अत्तर

दुष्काळात मेंढरं विकून माझे वडील, म्हणजे आबा, देवगाव रंगारीकडच्या खेड्यातून शहरात माझ्याकडे आले. सोबत एक घोंगडी आणि म्हातारा कुत्रा. रानात आबा घोंगडी टाकतील तिथं तो राखणीला बसायचा, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. दोरी त्याला माहीत नव्हती.

आमची वसाहत नवी, टँकरवर जगणारी. एकदा शेजारच्या काकूंची वाळत टाकलेली चादर आमच्या अंगणात पडली. कुत्रा तिलाच घोंगडी समजून तिची राखण करू लागला.

"सर, माझ्याच चादरीला मी चोर झाले," काकू मला म्हणाल्या. "बांधा त्याला."

"बांधायचा असंल तर आम्ही दोघंबी गावाकडं जातो," आबा म्हणाले.

गावात प्यायला पाणी नव्हतं. मला आबांना जाऊ द्यायचं नव्हतं.

मी घरातला पहिला पदवीधर, तोही विज्ञानाचा. आबांनी उन्हातान्हात फिरून मला शिकवलं. त्या उपकाराची फेड मी त्यांना सतत माहिती देऊन करत असे.

"आबा, वयानं कुत्र्याचं नाक मंद होतं. वास ओळखणाऱ्या पेशी कमी होतात."

"मग तुझं शिकलेलं नाक लाव त्याला."

नाक मंद, तर वास वाढवावा, असा मी विचार केला. गुलमंडीच्या बाजारातून अत्तर आणून घोंगडीला सढळ हातानं चोळलं आणि काकूंना मुद्दाम बघायला बोलावलं. कुत्र्यानं घोंगडी हुंगली, शिंकला आणि जाऊन काकूंच्या पायपुसण्याजवळ बसला.

"सर, घोंगडी आता आम्हालाच द्या. लग्नाला पांघरून जाते."

आबांनी घोंगडी खांद्यावर टाकली. पिशवी भरून गावाकडं निघाले. कुत्रा मागोमाग. मी फाटकात उभा. वळणावर नवं डांबर पडलं होतं. आबा वळले. कुत्रा तिथं थांबला, रस्ता हुंगत राहिला आणि सिमेंटच्या ट्रकमागं उलट्या दिशेनं चालू लागला.

आबांनी मागं पाहिलं. परत येऊन त्याच्यासमोर बसले, हात त्याच्या नाकाशी धरला. बऱ्याच वेळानं शेपूट हललं.

"याला माझा माग लागंना," मी धावत जवळ पोचलो तेव्हा ते म्हणाले. "रानात हरवंल. राहतो इथंच. दोरी आण."

मी सांगितलंच होतं, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि तसाच दोरी आणायला पळालो. आबांनी गाठ इतकी सैल मारली की कुत्र्यानं मान झटकली तरी सुटावी. मला ते दिसलं. मी काही समजावून सांगितलं नाही.