आरोपी नंबर चार

मंजुषा घाटूळला माणसांचा मुळातच फारसा सोस नव्हता. त्यात न्यायाधीश भरतीच्या यादीत तिचं नाव आलं आणि माणसं किती स्वस्त असतात, ते तिला रोज बघायला मिळू लागलं.

ती झरीची. मुंजाजी घाटुळांची धाकटी लेक, वय एकतीस, परभणीच्या न्यायालयात सात वर्षं वकिली करणारी. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाची पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत हे सगळं ती चौथ्या खेपेला पार करून गेली होती. आयोगानं तिच्या नावाची शिफारस केली होती. उरला होता तो शासनाचा नेमणुकीचा आदेश, आणि त्याची वाट बघण्यात सात महिने गेले होते.

निकालाच्या दुसऱ्याच दिवशी झरीच्या फाट्यावर फ्लेक्स लागला. 'न्यायाधीशपदी नियुक्ती झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' नियुक्तीचा पत्ता नव्हता, पण गावाला तेवढा धीर कुठला. फ्लेक्स लावला होता किशनरावानं, आणि त्यावर मंजुषापेक्षा त्याचाच फोटो मोठा होता. किशनराव भावकीतला, शेताला शेत लागून, मधे नुसता धुऱ्याचा बांध. नऊ वर्षांपूर्वी धुऱ्यावरच्या भांडणात यानंच घाटुळांच्या अख्ख्या घराविरुद्ध पोलिसांत फिर्याद दिली होती. तेव्हा तो मंजुषाला 'मंजी' म्हणायचा. आता 'मॅडम' म्हणत होता, आणि पारावर बसून 'आमची लेक' म्हणत होता. सात महिन्यांच्या उन्हात फ्लेक्सवरचा मंजुषाचा चेहरा निळसर पडला, किशनरावाच्या मिशा मात्र काळ्याभोर राहिल्या. रोज एसटीची वाट बघत फाट्यावर उभं राहताना तिला त्या मिशांकडे बघावं लागे.

न्यायालयात तरी वेगळं काय होतं. वकिलांच्या खोलीत जे कधी पिशवी उचलून खुर्ची मोकळी करत नव्हते, ते ती दिसली की उठून उभे राहू लागले. 'जज मॅडम, चहा?' सहा वर्षं तिला चहा विचारायची कुणाला बुद्धी झाली नव्हती. पुढं महिने जात राहिले, आदेश येईना, तसे हे लोक पुन्हा बसते झाले. आधी अर्धवट उठायचे, मग नुसती मान हलवायचे, शेवटी पिशवी परत खुर्चीवर आली. मंजुषाला त्यांच्या उठण्याची जेवढी किळस आली होती, तेवढीच बसण्याचीही आली. मनातल्या मनात ती एकेकाला न्यायासनासमोर उभं करायची आणि तारीख द्यायची.

पाचव्या महिन्यात यादीतल्या बाकीच्यांचे आदेश निघाले. तिच्या खालच्या क्रमांकाच्या पोरी प्रशिक्षणाची तयारी करू लागल्या. तिच्या नावापुढं मात्र 'चारित्र्य पडताळणी प्रलंबित' एवढंच. मुंबईला फोन लावला तर उत्तर मिळालं, तुमच्या पोलीस ठाण्याचा अहवाल आलेला नाही. ठाण्यात गेली तर सटवाजी जमादारानं एक जुनी फाईल काढून टेबलावर ठेवली.

"मॅडम, तुमच्यावर गुन्हा हाय की."

किशनरावाची तीच फिर्याद. धुऱ्यावर मारहाण, शिवीगाळ, जिवे मारण्याची धमकी. आरोपी नंबर एक मुंजाजी. नंबर दोन त्याची बायको चतुराबाई. नंबर तीन थोरला मुलगा राम. नंबर चार मंजुषा, 'हिने कुऱ्हाडीच्या दांड्याने पाठीत मारले.' नंबर पाच पालमची मामी, जी त्या आठवड्यात नुसती पाहुणी म्हणून आली होती. मंजुषा त्या दिवशी औरंगाबादला पुरावा कायद्याचा पेपर लिहीत होती. हॉलतिकीट दाखवल्यावर दोषारोपपत्रातून तिचं नाव वगळलं गेलं. बाकीच्यांचं प्रकरण लोकअदालतीत आपसात मिटलं. हे सगळं तिनं भरतीच्या फॉर्मवर स्वतःच्या हातानं खरं-खरं लिहिलं होतं. पण ठाण्याच्या रजिस्टरात नाव होतं ते होतंच.

"फिर्यादीचा एक जबाब लागंल," सटवाजी म्हणाला. "पोरगी भांडणात नव्हती म्हणून. मग मी अहवाल धाडतो. त्याच्याबिगर मला सही करता येत न्हाई."

म्हणजे आता किशनरावाचे पाय धरायचे. मंजुषानं घरी येऊन सांगितलं, ते काही व्हायचं नाही. ज्यानं घाण केली त्याच्याच दारात जायचं? त्या माणसाला आपण काय लिहिलं ते वाचता तरी येतं का? पण मुंजाजीनं दुसऱ्या दिवशी सकाळीच टोपी घातली, किशनरावाच्या घरी गेला आणि चपला पार रस्त्यावर काढून आत शिरला. मंजुषाला हे आईकडून कळलं, तेव्हा बापाचीही तिला लाज वाटली.

"ज्यानं तुमच्या पोरीचं नाव घातलं त्याच्याच म्होरं हात जोडले तुम्ही?" तिनं बापाला विचारलं.

"आदेश पाहिजे का न्हाई तुला?" मुंजाजी म्हणाला.

किशनराव ठाण्यात आला तो लग्नाला निघाल्यासारखा. पांढरं धोतर, कडक टोपी, खिशाला पेन. मंजुषा भिंतीला लागून उभी राहिली. तो काहीतरी मागेल, निदान उपकार तरी बोलून दाखवेल, अशी तिची खात्री होती, आणि त्यावर काय बोलायचं तेही तिनं ठरवून ठेवलं होतं. त्यानं काहीच मागितलं नाही.

"साहेब, पोरगी भांडणात नव्हती. ती औरंगाबादला शिकायला होती. समद्या गावाला ठाऊक हाय."

"मग नाव कशाला टाकलं?" सटवाजीनं विचारलं.

"म्या कुठं टाकलं? अर्ज लिहून देणाऱ्यानं विचारलं, त्यांच्या घरात कोण कोण हाय? म्या सांगितलं. त्यानं समदे लिहिले. नावं जास्ती असली की समोरचं घर लवकर खाली बसतंय, म्हणला." मग तो मंजुषाकडं वळला. "तुझा काय राग नव्हता बग पोरी. तू तर तवा हितं नव्हतीच."

सटवाजी लिहिता लिहिता हसला. "असंच करत्यात समदे," तो म्हणाला, आणि किशनरावाचा अंगठा घेतला. खिशातलं पेन नुसतं शोभेचं होतं.

मंजुषा ठाण्याच्या पायऱ्या उतरली तेव्हा तिच्या मनात त्या अंगठ्याबद्दल, त्या टोपीबद्दल आणि कुणातरी अर्ज लिहिणाऱ्या भाडोत्री माणसाबद्दल नुसता तिरस्कार भरला होता. रागसुद्धा नव्हता म्हणे याला. असा न रागावता माणसाच्या आयुष्यावर गुन्हा खरडणारा माणूस किती हलका असला पाहिजे. बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. ती बसली आणि बस हलायच्या आतच तिला तो प्रश्न पुन्हा ऐकू आला. त्यांच्या घरात कोण कोण आहे? पण या वेळी तो तिच्याच आवाजात होता.

तीन वर्षांपूर्वी पोखर्णीची लक्ष्मीबाई तिच्याकडे आली होती. सांडपाण्याच्या नालीवरून शेजारणीशी मारामारी झाली होती. मंजुषानं वही उघडली आणि जे सगळे वकील विचारतात तेच विचारलं. लक्ष्मीबाईनं बोटं मोडत नावं सांगितली. शेजारीण सरजाबाई, तिचा नवरा, तिचा दीर, आणि एक पोरगी, भक्ती. पोरगी तिथं होती का, हे मंजुषानं विचारलं नाही. तसं विचारायची पद्धतच नव्हती. नंबर चार भक्ती, 'हिने केस धरून ओढले.' मंजुषाच्या हातचं ते वाक्य होतं, आणि चांगलं जमलं म्हणून तेव्हा तिला बरंही वाटलं होतं.

पहिल्या तारखेला सरजाबाई न्यायालयाच्या व्हरांड्यात तिच्या टेबलापाशी आली होती.

"बाई, माझी पोरगी त्या दिवशी परभणीत होती हो. पोलीस भरतीसाठी पळायलीय रोज मैदानावर. तिचं तेवढं नाव काढा. बाकी आमी बघतो."

मंजुषा समोरच्या कागदावर सही करत होती. तिनं मान वर केली नाही. "कोर्टात सांगा," ती म्हणाली.

प्रकरण अजून चालू होतं. सरजाबाईचा दीर एक तारीख यायचा, दोन तारखा गायब राहायचा. साक्षीदार यायचे तेव्हा साहेब रजेवर असायचे. आणि दोन महिन्यांपूर्वी व्हरांड्यात कुणीतरी सहज बोलताना मंजुषानं ऐकलं होतं, की ती पोरगी पोलीस भरतीत पास झालीय, पण गुन्हा आहे म्हणून नेमणूक अडकलीय. तेव्हा तिच्या मनात काय आलं? काहीच आलं नाही. आपल्या अडकलेल्या आदेशाची वेबसाइट ती मोबाइलवर उघडत होती.

बस झरीला पोचेपर्यंत तिनं ठरवून टाकलं होतं. लक्ष्मीबाईला बोलावून घ्यायचं, पोरगी तिथं नव्हती असं शपथपत्र करून घ्यायचं, न्यायालयात द्यायचं. अर्ध्या दिवसाचं काम. पण ते लगेच करायचं का, हा प्रश्न होता. लक्ष्मीबाई तोंडाची फाटकी. न्यायाधीशांनी विचारलं तर सरळ सांगेल, वकीलबाईनंच लिहिलं म्हणून. त्यात आपला अहवाल नुकता कुठं वर जातोय. नको ते कुणाच्या कानावर गेलं तर सात महिने पाण्यात. एकदा आदेश हातात पडू दे, मग पहिलं काम हेच. बाकी कुणी असा हिशोब केला असता तर मंजुषानं त्याला ताबडतोब ओळखलं असतं आणि त्याची पुरती लाज काढली असती. स्वतःचा हिशोब तिला शहाणपणाचा वाटला.

पाच आठवड्यांनी आदेश आला. शुक्रवारी दुपारी साडेतीनला. वकिलांच्या खोलीत खुर्च्या एकदम मागं सरकल्या, पिशव्या खाली गेल्या. झरीच्या फाट्यावर जुन्या फ्लेक्सवरच नवा फ्लेक्स चढला, आणि या वेळी किशनरावानं स्वतःचा फोटो थोडा लहान केला होता. चतुराबाई देवापुढं बसून रडली. मुंजाजी किशनरावाच्या घरी पेढे घेऊन गेला, आणि मंजुषा त्याच्याबरोबर गेली. किशनरावाच्या पाया पडताना तिला वाटलं होतं तेवढा कमीपणा वाटला नाही.

शनिवारी ती पोखर्णीला निघाली. बसमध्ये नृसिंहाच्या दर्शनाची गर्दी होती. आधी लक्ष्मीबाईकडून शपथपत्रावर अंगठा घेतला. लक्ष्मीबाईनं कुरकुर केली नाही. "तुमीच म्हणला होता टाका, आता तुमीच म्हणायलाव काढा," एवढंच बोलली. मग मंजुषा नाली ओलांडून शेजारच्या घरी गेली.

सरजाबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं वकीलबाईला ओळखलं. बसा म्हणाली नाही, पाणी विचारलं नाही. मंजुषानं उभ्यानंच कागद पुढं केला आणि सगळं सांगितलं. भक्तीचं नाव निघेल, सोमवारी न्यायालयात अर्ज देते, पोलीस खात्याला प्रत मी स्वतः पाठवते. तिला वाटलं होतं, बाई रडेल, निदान कागद तरी हातात घेईल.

आत दाराशी एक उंच पोरगी येऊन उभी राहिली. मैदानावर पळून काळवंडलेला चेहरा. तिनं मंजुषाकडं पाहिलं, आणि त्या नजरेत राग नव्हता. फ्लेक्सवरच्या मिशांकडं मंजुषा रोज जशी बघायची, तशी ती बघत होती.

"गेल्या सोमवारी कागद आला," सरजाबाई म्हणाली. "मुदतीत केसचा निपटारा झाला न्हाई म्हणून भरतीच्या यादीतनं हिचं नाव काढलं. वेटिंगवरच्या पोरीला घेतलं. अन् हिचं वय संपलंय."

सरजाबाईनं पुढची शेंग सोलली, दाणे सुपात टाकले.

"तुमचंबी अडकलं होतं म्हणं. आलं का, बाई?"

"आलं," मंजुषा म्हणाली.

"कवा?"

मंजुषानं कालचा दिवस सांगितला. सरजाबाईनं मान हलवली आणि पुन्हा शेंगांकडे वळली. कागद मंजुषाच्याच हातात राहिला होता. तो घडी करून पिशवीत ठेवावा की ओट्यावर ठेवावा, हे तिला ठरवता येईना, आणि तोवर पोरगी आत निघून गेली होती.