नटांवरचं कुंकू

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मला दिवस राहिले आणि सातव्या महिन्यात, दसऱ्याचा मुहूर्त धरून, मी माहेरी अक्कलकोटला निघाले. आमचे हे सोलापूर-अक्कलकोट उतारूंची सर्व्हिस मोटार चालवायचे. त्याच मोटारीनं मला सोडणार होते.

आदल्या दिवशी खंडेनवमी. पंक्चर काढायला ह्यांनी पुढचं चाक उतरवलं होतं आणि त्याचे सहा नट ताटलीत काढून ठेवले होते. हत्यारांची पूजा होते, मग नटांनीच काय घोडं मारलंय? मी ते चिंचेनं घासून लख्ख केले आणि ओलं हळद-कुंकू एकेकाला आतबाहेर थापलं. माझं सगळंच लई भरघोस. ह्यांनी नट तसेच बसवले. पूजेचं कुंकू पुसायचं कसं, म्हणून पुसलं नाही.

सकाळी निघालो. कुंभारी गाव मागं पडलं न पडलं तोच ह्यांनी गाडी थांबवली. चाक काढून बसवलं की चार-पाच मैलांवर उतरून नट पुन्हा आवळायचे, ही त्यांची रीत. मागचे उतारू कुरकुरले. मीही फणकारले, "दसऱ्याला निघालेली गाडी मधीच थांबवत्यात व्हय? अपशकुन हाय."

ते खाली उतरले. पाना घेऊन चाकापाशी बसले आणि जरा वेळानं मला खाली बोलावलं. एक नट त्यांनी नुसत्या बोटांनी फिरवून दाखवला. दुसराही तसाच. आतल्या कुंकवाचा वाळून भुगा झाला होता आणि नट ढिले पडले होते. तसेच पुढं गेलो असतो तर चाक निखळलं असतं. पोटातलं लेकरू, हे, मागची माणसं, कोण वाचलं असतं?

ते एक नट काढून धोतराच्या सोग्यानं पुसायला लागले. मी त्यांचा हात धरला. कुंकू पुसणं म्हणजे काय, ते बाईला कुणी सांगावं लागत नाही. "पुसू नका, पाया पडते," म्हटलं.

मला वाटलं, आता डाफरतील. चूक माझीच होती की. पण ते हळू आवाजात म्हणाले, "अगं, हे ऱ्हायलं तर तुज्या कपाळावरचं ऱ्हाईल का?"

मी हात सोडला. त्यांनी तो नट आवळला, मग त्याच्या समोरचा पुसून आवळला. उरलेले चार मी एकेक करून मागून घेतले आणि रडत रडत माझ्याच पदरानं पुसून दिले.