डोर्सिलाची एक रेघ

सिलास ओडुओल हा आमच्या किनाऱ्यावरचा सगळ्यात चांगला होडी बांधणारा आणि सगळ्यात गोंधळलेला माणूस. फळी कापायच्या आधी तो ती मापतो, पुन्हा मापतो आणि मग मला विचारतो, "ओपोंदो, बरोबर आहे ना रे?" बरोबरच असते. इतकी वर्षं त्याच्याबरोबर करवत ओढतोय आणि दर फळीला तेच उत्तर देतोय. डोकं उठतं अगदी.

एका गोष्टीत मात्र तो कधी अडखळला नाही. धाकट्या लेकीच्या, आविनोच्या वेळी दवाखान्यात कळलं की त्याच्या बायकोला, डोर्सिलाला, एचआयव्ही आहे. सिलासला नव्हता. त्याची आई म्हणाली, "पाठवून दे तिला माहेरी." सिलासने तेव्हा ना मापं काढली, ना मला विचारलं. डोर्सिला तिच्या गोळ्या घेऊ लागली आणि सिलास, लागण होऊ नये म्हणून घ्यायची असते ती गोळी घेऊ लागला. ती गोळी आम्ही किनाऱ्यावरचे बरेच पुरुष घेतो, पण लपूनछपून. हा अंगणात बसून घेतो. चुलीवर मक्याच्या पिठाची उगाली घोटून झाली की दोघं शेजारी बसणार, आपापली डबी उघडणार, एकाच तांब्यातलं पाणी पिणार. सगळी आळी बघते.

गोळी घेणाऱ्याला अधूनमधून तपासणी करावी लागते. हल्ली आमची नर्स बेरिल त्यासाठी घरी न्यायचा संच देते. पट्टी हिरड्यांवरून फिरवायची, नळीत उभी करायची आणि वीस मिनिटं गप्प बसायचं. एक रेघ उमटली तर ठीक, दोन उमटल्या तर दवाखाना गाठायचा. मागच्या खेपेला तिने प्रत्येकाला दोन संच दिले. "दुसरा पुढच्या वेळेसाठी. आजाराचं औषध जो आधीपासून घेतो त्याने हा वापरायचा नाही, नीट कळत नाही त्यात," असंही तिने सांगितलं. मी ऐकलं. सिलास तेव्हा संच पिशवीत आडवे ठेवावेत की उभे, या विवंचनेत होता.

दुसऱ्या दिवशी तो कामावर आला तो फळीला पाठ करूनच बसला.

"माझी एक रेघ आली," तो म्हणाला.

"मग तोंड का पाडलंयस?"

"डोर्सिला म्हणाली, मीही करून बघते. तिचीही एकच आली."

मी करवत खाली ठेवली.

"म्हणजे ती बरी झाली? की तेव्हा दवाखान्याने खोटंच सांगितलं? की आमच्या पट्ट्यांची अदलाबदल झाली? पण दोन्हींवर एकच रेघ, मग अदलाबदल होऊन तरी काय होणार?"

"बेरिल काय म्हणाली होती, आठवतंय का?"

"काय म्हणाली होती?"

मी सांगितलं. त्याने मान हलवली आणि घरी जाऊन डोर्सिलाला तेच सांगितलं. पण ती ऐकायच्या पलीकडे गेली होती. तिने चपात्या लाटल्या, शेजारणींना वाटल्या. रविवारी चर्चमध्ये असा सूर लावला की मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या वळून बघायला लागल्या. आणि गोळ्या बंद केल्या.

"धडधाकट माणसाने औषध कशाला घ्यायचं?" ती म्हणाली.

"मी धडधाकट आहे. मी घेतोच की."

"मग तुम्हीही सोडा, आविनोचे बाबा. आता कोणापासून जपताय?"

गोळी घ्यावी तर बायकोला खोटं पाडल्यासारखं होतं, न घ्यावी तर भीती वाटते. शेवटी तो घरामागे जाऊन घेऊ लागला, इतर सगळ्यांसारखा लपून. हे मला सांगताना त्याला रडू फुटलं. मला त्याचा राग आला आणि कीवही आली. मी त्याला दंडाला धरून दवाखान्यात नेलं.

बेरिलने कपाळावर हात मारला. "अरे बाबांनो, वर्षानुवर्षं औषध नेमाने घेतलं की आजार दबतो. मग हिरड्यांवरच्या पट्टीला कधीकधी त्याची खूण सापडत नाही. बरी कुठली होतेय? तिने गोळ्या सोडल्या असतील तर तो पुन्हा डोकं वर काढेल. आणा तिला. बोटाचं रक्त घेऊ."

डोर्सिला आली, पण आमचं ऐकून नव्हे, तर आपलंच खरं करून दाखवायला. चांगला झगा घालून आली. बोटाला सुई टोचली. सिलास त्या चिमुकल्या पट्टीवर असा वाकला की बेरिलला त्याला मागे सारावं लागलं.

पहिली रेघ आली. मग, हळूहळू, दुसरी.

"आली!" सिलास ओरडला. "दुसरी आली!"

डोर्सिला त्याच्याकडे बघत राहिली.

"तुम्हाला आनंद झाला?"

"नाही, म्हणजे... हो. नाही गं. तू आता गोळ्या घेशील ना?"

"घेईन," ती म्हणाली आणि बोटावरचा कापूस दाबत बाहेर पडली.

आम्ही तिघं किनाऱ्याने परत निघालो. चालता चालता ती म्हणाली, "एवढे दिवस मी बरी होते, आविनोचे बाबा. तेवढे तरी माझे मला राहू द्या."

त्या संध्याकाळपासून दोघं पुन्हा अंगणात बसतात, तोच तांब्या घेऊन. पण ती एका रेघेची पट्टी डोर्सिलाने टाकलेली नाही. पेटीत, पोरीच्या नामकरणाच्या झबल्यात गुंडाळून ठेवलीय. सिलासला ती सापडली. काल फळी मापता मापता त्याने विचारलं, "बेरिल म्हणते, वापरलेल्या पट्ट्या फेकून द्यायच्या. फेकू का रे?"

इतकी वर्षं मी त्याला उत्तरं देत आलोय. काल मात्र मी त्याच्या हातातून फळी घेतली आणि उगाचच पुन्हा मापू लागलो.