मंदाचे कोळी

वैशालीचा फोन आला तेव्हा मी कोथरूडच्या मंडईत गवार निवडत होते. "नीलाताई, मॅडम गेल्या... पहाटे," एवढंच ती म्हणाली. वैशाली ही मंदाची विद्यार्थिनी, आता मंदाच्याच प्रयोगशाळेत काम करणारी. समोर भाजीवाल्या मावशी "किती देऊ?" म्हणून विचारत होत्या. मी नुसतीच बोटं दाखवली. घरी येऊन पिशवी उघडली तर दोन किलो गवार, आणि घरात खाणारी माणसं आम्ही दोनच. ती भाजी पुढे आठवडाभर पुरली, आणि दर वेळी ताटात पडली की मला मंडईतली ती सकाळ आठवायची. आता दीड-दोन महिने होऊन गेले. लिहायला बसावं असं आत्ता कुठे वाटतंय.

डॉ. मंदाकिनी मेश्राम हे नाव बहुतेक वाचकांनी ऐकलेलं नसेल. ती कोळ्यांच्या विषाचा अभ्यास करायची. कोळी म्हणजे भिंतीवर जाळी विणतात ते, आणि त्यांचे सह्याद्रीच्या जंगलात झाडांच्या ढोलीत राहणारे तळहाताएवढे केसाळ भाऊबंदही. माझी आणि तिची ओळख कॉलेजातली. प्राणिशास्त्राच्या वर्गात आम्ही एकाच बाकावर बसायचो. तिचे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते, घर कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. मूळचे भंडाऱ्याकडचे. तिच्या आईच्या बोलण्यात ते गाव शेवटपर्यंत राहिलं, मंदाच्या बोलण्यात मात्र फक्त चिडल्यावर डोकावायचं. प्रात्यक्षिकाला झुरळ समोर आलं तरी मी दोन पावलं मागे सरकायची. मंदा उलट पुढे वाकायची. कोळ्याकडे तर ती अशी बघायची, जसं आपण दुसऱ्याच्या तान्ह्या बाळाकडे बघतो.

पदवी मिळाली आणि आमच्या वाटा फुटल्या. त्या दिवसांत पुण्यात गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. प्राणिशास्त्र, इतिहास, संस्कृत... कुठलीही पदवी घेऊन या, सहा महिन्यांत परदेशी पाठवतो, अशा थाटाच्या त्यांच्या जाहिराती. मीही गेले, आणि परदेशी नाही तरी एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले. मंदाला म्हटलं, "चल ना, दोघी जाऊ." ती म्हणाली, "तू हो पुढे. मला अजून आठ पायांचं नीट कळलेलं नाही, त्यात बटणांचं कुठे मध्येच?" तिने पीएच.डी.ला नाव घातलं. विषय कोळ्यांचं विष. आमच्या वर्गातल्या बऱ्याच जणांना ती थट्टा वाटली.

खडकीहून रोज बरण्या घेऊन येणं-जाणं जमेना, म्हणून ती पेठेत खोली शोधू लागली. कितीतरी ठिकाणी खोली रिकामी असायची, आडनाव सांगितलं की तेवढ्यात भरलेली असायची. शेवटी नारायण पेठेत आपटेबाई नावाच्या विधवा बाईंनी वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या दिल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजची प्रयोगशाळा बंद झाली, कोळ्यांना खाऊ घालायला तिथे कोणी उरलं नाही, म्हणून मंदा त्यांना खोलीवर घेऊन आली. आपटेबाई पाण्याची टाकी बघायला वर आल्या आणि खिडकीत ओळीने मांडलेल्या बरण्या त्यांनी पाहिल्या. मी नेमकी तिथेच होते. बाई ओरडल्या नाहीत. चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाल्या, "अहो मेश्राम, खोलीत माणसं किती राहणार, हे मी विचारलं होतं. पाय किती राहणार, ते विचारायचं राहून गेलं." मग अर्धा तास वाद झाला. सुट्टी संपेपर्यंत बरण्यांच्या झाकणांवर वीट ठेवायची, या अटीवर मिटला. बाई खाली गेल्यावर मंदा पोट धरून हसत होती. "आजवर लोकांनी माझ्यावरून खोली नाकारली. ही पहिली बाई, जी फक्त कोळ्यांवरून भांडली. मला तर तिच्या पाया पडावंसं वाटलं!" हसता हसता तिचे डोळे भरून आले होते. पुढे पावसाळ्यात आपटेबाईच जिन्यातून हाक मारायच्या, "आमच्याकडे झुरळं फार झालीत. तुमचे पाहुणे जेवायला पाठवता का?"

ती नेमकं करते काय, हे तिने मला पहिल्यांदा नीट सांगितलं ते पीएच.डी. होऊन ती कॉलेजात शिकवू लागल्यावर बऱ्याच वर्षांनी, एका रविवारी, तिच्या प्रयोगशाळेत. मोठ्या कोळ्याला थंडाव्याने सुस्त करायचं, अगदी हलका विजेचा झटका द्यायचा, की दातांच्या टोकाशी विषाचा थेंब येतो. तो काचेच्या बारीक नळीत ओढून घ्यायचा. याला ती 'धार काढणं' म्हणायची. कोळी मरत नाही, काही दिवसांनी पुन्हा विष तयार होतं. "विष म्हणजे एकच पदार्थ नसतो गं," ती सांगत होती. "एका थेंबात शेकडो वेगवेगळी द्रव्यं असतात. आपल्या नसांवर बारीक बारीक दारं आहेत असं समज. दार उघडलं की कळ पुढे धावते. यातलं एखादं द्रव्य नेमकं तेवढंच दार लावून घेतं. ते जर वेगळं काढता आलं..." पुढचं वाक्य तिने पुरं केलं नाही. करायची गरजही नव्हती. तिच्या आईचं दुखणं मला ठाऊक होतं.

वडील गेल्यावर आई नारायण पेठेत मंदाकडे राहायला आल्या होत्या. त्यांना चेहऱ्याच्या नसेचा आजार होता. गालावर वाऱ्याची झुळूक लागली, घास चावला, एवढंच काय, तोंड धुताना ओलं बोट जरा लागलं तरी विजेचा लोळ डोक्यातून जायचा. सुरुवातीला गोळ्यांनी थांबलं, मग गोळ्या पुरेनाशा झाल्या. ऐन एप्रिलमध्ये त्या पंखा बंद करून, तोंडाला पदर गुंडाळून बसलेल्या असायच्या. भात पातळ करून चमच्याने घ्यायच्या, तोही अर्ध्यावर टाकायच्या. खडकीच्या क्वार्टरमध्ये शेजारणींना हसवून बेजार करणारी ही बाई. तिचं बोलणंच बंद झालं होतं.

आणि त्याच काळात मंदाला ते द्रव्य सापडलं. एका केसाळ कोळ्याच्या विषातून वेगळा काढलेला कण बेडकाच्या नसेवर सोडला की नसेतली हालचाल शांत व्हायची. ती धावत माझ्या ऑफिसात आली होती. रिसेप्शनवरच्या मुलीला वाटलं, नोकरीचा अर्ज घेऊन आलीये. आम्ही खाली टपरीवर चहा घेतला आणि तिचा कप हातातच थंड झाला, इतकं ती बोलत होती. मला त्यातलं अर्धंच कळलं, पण तिच्याइतकाच आनंद झाला.

त्यानंतरच्या एका दुपारी मी त्यांच्याकडे गेले होते. मंदा आईला पातळ खीर भरवत होती. मध्येच कळ आली. आईंनी वाटी ढकलून दिली आणि कितीतरी वेळ दोन्ही हातांनी हवाच धरून बसल्या, कारण गालाला हात लावायचीही सोय नव्हती. कळ ओसरल्यावर ओठ फार न हलवता म्हणाल्या, "तू ते दवा काढली म्हणत होतीस. मले दे ना ते."

मंदा म्हणाली, "आई, ते औषध नाही अजून."

"कोळ्याचं असो का सापाचं असो, मले चालते. मेली तरी चालते."

"मला नाही चालत."

"फ्रिजात ठेवलं आहेस, अन् मायले देत नाहीस?" आई माझ्याकडे वळल्या. "सांग ना वो तू हिले."

मंदा खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. तिचा चेहरा मला दिसत होता, आईंना नाही. ती एवढंच म्हणाली, "नाही देणार, आई." आईंनी भिंतीकडे तोंड केलं. पुढे बरेच दिवस त्या मंदाशी बोलल्या नाहीत. काही हवं असेल तर आपटेबाईंना हाक मारायच्या, आणि आपटेबाई वर येऊन मंदाला सांगायच्या. त्या दिवसांत मंदा प्रयोगशाळेत जायची, पण तो फ्रिज शक्यतो वैशालीला उघडायला सांगायची. हे मला खूप नंतर वैशालीकडून कळलं.

मग एका डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली. कवटीच्या आत नसेवर दाबणारी एक रक्तवाहिनी बाजूला करायची होती. आईंना भीती वाटत होती, पण कळीची भीती त्याहून मोठी होती. शस्त्रक्रिया झाली. घरी आल्या त्या दिवशी आम्ही सगळ्या भोवती बसलेल्या, आणि आई म्हणाल्या, "पंखा लाव." मंदाने एकवर लावला. "अजून." दोनवर. "पुरा लाव ना वो!" त्या पंख्याखाली डोळे मिटून बसल्या, पदर उडत होता, पांढऱ्या बटा गालावर येत होत्या. आपटेबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी चष्मा काढला आणि पदराने पुसत राहिल्या.

वर्षभराने मंदाच्या द्रव्याची पुढची तपासणी दुसऱ्या शहरात झाली, उंदरांवर. कळ थांबत होती, पण तेच द्रव्य स्नायूंच्या नसांचीही दारं लावत होतं. उंदरांचे पाय लुळे पडले, काहींचा श्वास थांबला. मंदा ते सांगायला घरी आली तेव्हा मी होतेच. आई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे मी मागितलं, तवा तुले हे माहीत होतं?"

"नाही आई," मंदा म्हणाली, "माहीत नव्हतं. म्हणूनच नाही दिलं."

आईंनी सूप बाजूला ठेवलं आणि तिला जवळ ओढली. चाळिशीला आलेली ती बाई आईच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडली... मी चहा करायला आत निघून गेले आणि मुद्दाम वेळ लावला.

तिचं ते द्रव्य औषध झालं नाही. तोवर हिंजवडीला काचेच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि तिला एका कंपनीकडून बोलावणंही आलं होतं. ती गेली नाही. तिने त्याच कणात थोडे थोडे बदल करून पाहायला सुरुवात केली, म्हणजे कळीचं दार लागेल आणि बाकीची उघडी राहतील. शिवाय विषातलं एक दुसरं द्रव्य फक्त अळ्यांना मारत होतं, माणसाला आणि मधमाशीला त्याने काही होत नव्हतं. ते जिवाणूंकडून बनवून घ्यायचं, अशी खटपट चालू होती. मी म्हटलं, हे कसं काय? तर म्हणाली, "तुमच्या कंपनीसारखंच. काम कोळ्याचं, राबतो दुसराच. आउटसोर्सिंग!" वीस वर्षांत तिला 'मग औषध कधी निघणार?' असं शेकडो लोकांनी विचारलं असेल. ती कधी चिडली नाही. "निघेल. माझ्याकडूनच निघायला पाहिजे असं कुठे आहे?" म्हणायची.

शेवटच्या आजारात तिला फार वेदना होत्या. मी भेटायला गेले तेव्हा मात्र जरा बरी दिसली. "औषध चांगलं आहे गं," ती हळूच म्हणाली. "कशापासून काढलंय म्हणून विचारलं, तर अफूपासून म्हणे. आपले कोळी अजून रांगेतच आहेत." हसायलाही तिला त्रास होत होता, तरी हसली. ती आमची शेवटची भेट.

गेल्या आठवड्यात वैशालीने प्रयोगशाळेत बोलावलं. मंदाची खुर्ची तशीच होती. पाठीला टेकायची उशीही. कोपऱ्यातल्या काचेच्या पेटीत केसाळ कोळ्याची एक मोठी मादी होती. मादी कितीतरी वर्षं जगते, हे मला तिथेच कळलं. मंदाने तिला पिल्लू असताना आणलं होतं. पण मी वाकून बघितलं तर ती उताणी पडलेली, आठही पाय आकसलेले, हालचाल नाही. म्हटलं, हीसुद्धा... मी वैशालीला हाक मारणार, तेवढ्यात पेटीवर चिकटवलेला कागद दिसला. मंदाचं ठसठशीत अक्षर, आणि भाषा नारायण पेठेत इतकी वर्षं काढलेल्या बाईची :

'उताणी दिसल्यास मेली असे समजू नये. कात टाकत आहे. हात लावू नये. काच वाजवू नये. ओरडू नये.'

मी तिच्या खुर्चीवर बसून राहिले. बऱ्याच वेळाने जुन्या कातडीतून एक ओला, फिकट पाय अगदी सावकाश बाहेर आला. वैशाली मागे येऊन उभी राहिली होती. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी पुन्हा एकदा तो कागद वाचला. रडू नये, असं त्यावर कुठेही लिहिलेलं नव्हतं.