बोटांना लागणारे ठोके

"ताई, आधी नळ दाखवा."

आमच्या सोसायटीत साप निघाला की काका यायचे, आणि आल्या आल्या हेच म्हणायचे. साप केवढा, कुणी पाहिला, कुठे शिरला, हे सगळं नंतर. आधी अंगणातल्या नळाखाली दोन्ही हात मनगटापर्यंत धरून उभे राहायचे. "गरम हात लागला की त्याला कळतंय, माणूस आला. गार हात म्हंजे नुसता दगड." एकदा आभार मानताना मी त्यांचा हात हातात घेतला होता. तो इतका गार होता की माझा हात मी जरा लवकरच मागे घेतला.

कर्वेनगरला टेकडीच्या पायथ्याशी राहायचं तर सापांशी ओळख ठेवावी लागते. मीटरच्या खोलीत, जिन्याखाली, एकदा तर चक्क लिफ्टच्या दारात. सोसायटीची सेक्रेटरी मी, त्यामुळे किंकाळी कुणाचीही असो, फोन मला. वरच्या मजल्यावरच्या एका आजोबांनी सूचनाफलकावर लिहून ठेवलं होतं, 'सापांनी पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये मुक्काम करू नये.' आजोबांना आवरायला माझ्याकडे कुणी नव्हतं. सापांसाठी मात्र काका होते. मागच्या जुन्या गावठाणात राहायचे, कारखान्यातून निवृत्त झालेले. साप धरायची हौस त्यांना लहानपणापासूनची. हातात आकडा नाही की चिमटा नाही. मानेमागे तीन बोटं ठेवायची, तीही इतकी अलगद की आपण पकडले गेलोय हे सापालाही जरा उशिराच कळत असावं. मग कापडी पिशवी, टेकडी आणि परत येऊन आमच्याकडे चहा. त्यापलीकडे त्यांनी कधी काही घेतलं नाही.

त्या चहाच्या वेळीच मला पहिल्यांदा काहीतरी खटकलं. कपाकडे निघालेला त्यांचा हात मध्येच थांबला. बोटं गरजेपेक्षा जास्त उघडली आणि सावकाश खाली आली. कपाचा कान धरला तो असा की कप थरथरला आणि चहा त्यांच्या बोटांवरून ओघळला. चांगला उकळता चहा! ते माझ्याशी पावसाबद्दल बोलत राहिले. मी घाईने कप काढून घेतला, तरी त्यांची मूठ तशीच, कपाएवढी वळलेली, हवेत राहिली. मग त्यांची नजर तिच्याकडे गेली.

"सांडला का?" त्यांनी विचारलं.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. "ताई, बाबांना आता बोलावू नका हो. शर्टाचं बटण लावताना उपटून येतं, काडेपेटी चुरगळते. हातात काय धरलंय ते बघितल्याशिवाय कळत नाही त्यांना. डॉक्टर म्हणतात वयाने होतं असं. पण एखाद्या दिवशी नाग निघाला तर?"

मी काकांशी बोलून पाहिलं. ते हसले. "पोरगी म्हणती म्हणून घरी बसू? ह्या हातांमुळं मला चार माणसं वळखतात, ताई. न्हाईतर गावठाणात म्हातारे काय कमी हायत?"

तरीही मी त्यांना बोलवायचं बंद केलं. पण त्यांचा नंबर सोसायटीतल्या सगळ्यांकडेच होता. एका दुपारी खाली गलका ऐकून मी उतरले, तर काका पंपाच्या खोलीतून बाहेर येत होते. हातात एक लहानशी धामण. मुलं पुढे सरसावली. काका त्यांना नेहमीच्या उत्साहाने सांगायला लागले, "ही उंदरं खाती, माणसाला काय करत न्हाई. बघा कशी शांत झाली. घाबरलीय, काळजाचे ठोके लागतायत माझ्या बोटाला."

धामण खरंच शांत होती. शेपूट सरळ खाली लोंबत होतं आणि तोंड थोडं उघडं होतं. काकांच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती. मुलं एक एक करून मागे सरकली. मोबाइलवर व्हिडिओ घेणाऱ्याने हात खाली केला. "गप गं बाई, आता सोडतोच तुला," काका तिला समजावत होते.

टेकडीवर मी त्यांच्याबरोबर गेले. एकट्याने जाऊ देण्याचं धाडस मला झालं नाही. गवतात त्यांनी पिशवी उलटी केली. धामण पडली तशीच राहिली.

"दमलीय. जाईल हळूहळू."

आम्ही एका दगडावर बसलो. फिरायला आलेली माणसं आम्हाला वळसा घालून जात होती. मग मुंग्या आल्या. काकांनी त्या पाहिल्या. वाकून धामणीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

"धरली होती तवा तर लागत होते," ते म्हणाले. "चांगले लागत होते." मग माझ्याकडे वळले. "ताई, जरा हात द्या."

मी हात पुढे केला. त्यांनी माझ्या मनगटावर अंगठा आणि दोन बोटं ठेवून डोळे मिटले.

"तुमचेबी लागत न्हाईत."

मला हसायला हवं होतं. पण खोटं कशाला सांगू, क्षणभर मीच माझा श्वास चालू आहे ना ते पाहिलं. काकांनी बोटं दाबली. आणखी दाबली. बांगडी हाडात रुतायला लागली. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"हां, आता लागले! असेच. तिचे लागत होते तसेच."

मला रडू आलं. त्या चेहऱ्याकडे पाहून गप्प राहणं किती सोपं होतं! पण उद्या खरंच नाग निघाला तर?

"काका," मी म्हणाले, "ते माझे नाहीत. तुमचेच आहेत. तुमच्या बोटांतले."

त्यांनी डोळे मिटूनच विचारलं, "मी सोडलंय का तुम्हाला?"

"नाही."

त्यांनी डोळे उघडून पाहिलं. मग डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं माझ्या मनगटावरून एक एक करून उचलली, दुसऱ्या कुणाची असावीत तशी जपून. तो उजवा हात त्यांनी, साप मानेमागे धरावा तसा, मनगटामागे घट्ट धरला आणि टेकडी उतरून घरी पोचेपर्यंत सोडला नाही.