शिव्या घालणारा भागीदार

पनवेलच्या त्या बँकेत मी खातं बंद करायला गेलो होतो. रांगेत माझ्यापुढे एक जण उभा होता. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात बोटाएवढी जाड सोन्याची साखळी. बोलताना गाडीची किल्ली काउंटरच्या काचेवर आपटत होता.

"एफडी सांगून माझ्या आईच्या गळ्यात विमा मारला तुमी! तिला वाचता येत नाय, म्हनून अंगठा घेतला?"

मॅनेजर केबिनबाहेर आला, वॉचमन पुढे सरकला. तशी टोकन घेऊन बसलेली माणसंही उठली. कोणाच्या खात्यातून दंड कापला होता, कोणाचं कार्ड बंद पडलं होतं. सगळे एकदम ओरडायला लागले, मीही. आता हात उगारला जाणार असं वाटत असतानाच मॅनेजरने विमा रद्द करायचं कबूल केलं.

त्या गोंधळात माझं काम राहिलंच. मी बाहेर आलो, तर पायरीवर तो किल्लीवाला निवांत मोबाईल बघत होता. स्क्रीनवर त्याच बँकेचा शेअर.

"विकताय ना?" मी विचारलं.

"येडा हाय काय मी? अजून घेतले." त्याने किल्लीने काचेच्या दाराकडे खूण केली. "एवढी बोंब मारली दादा, पन एक तरी मानूस खातं बंद करून भायेर आला?"

आत सगळे पुन्हा खुर्च्यांवर बसले होते. मला त्याची भयंकर चीड आली. याला खातं बंद करून दाखवतोच, म्हणून मी तरातरा आत शिरलो. पण दारातच आठवलं, माझा पगार तिथेच जमा होतो आणि घराचा हप्ताही तिथूनच जातो.

"काय काम आहे?" वॉचमनने विचारलं.

"पासबुक भरून घ्यायचंय," मी म्हणालो.